दात काढू नका

"आ करा, मास्तर. अजून मोठा. तुमच्या तासाला मुलं जांभई देतात ना, तेवढा."

मी आ केला. डॉ. दाते आरसा घेऊन माझ्या तोंडात डोकावले आणि आतूनच बोलल्यासारखे बोलू लागले.

"ही तोंडी परीक्षा. लेखी नाही. नापास झालेल्याला इथं वर्गात बसवत नाहीत, सरळ काढूनच टाकतात."

बाहेरच्या बाकावर गाल बांधून बसलेली एक म्हातारी ओरडली, "मास्तर, भ्या नगासा! ह्यो डाक्टर हत्यार लावतच न्हाई. बोलून बोलूनच दात पाडतोय."

"आजी, तुमचा नंबर पुढचा आहे," डॉक्टर म्हणाले, "जरा जपून बोला."

डॉ. दाते गडहिंग्लजचे. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ते आजऱ्याला येत आणि एसटी स्टँडमागं एका शिंप्याच्या माडीवर दात काढत. खुर्ची कुणा न्हाव्याकडून घेतलेली होती. मान टेकवायची जागा तेलानं काळी झाली होती. दाढ तीन रात्री मला झोपू देत नव्हती, म्हणून त्या दिवशी शाळेतून दोन तासांची सवलत मागून मी तिथं बसलो होतो. खरं तर तो दिवस निवडायला नको होता. दुपारी शाळेत तपासणी होती. पण डॉक्टर पुन्हा येणार ते आठवड्यानं, आणि तोवर थांबण्याची ताकद माझ्यात नव्हती.

"खालची, शेवटची," त्यांनी जाहीर केलं. "अक्कलदाढ! मास्तरांची अक्कल काढायची म्हणजे सरकारची परवानगी लागेल. बघू, नंतर घेऊ."

त्यांनी सुई टोचली. थोड्या वेळानं माझा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ कुणा दुसऱ्याची झाली.

"आता हा भाग बधिर झाला. बधिर म्हणजे काय हो, मास्तर? तुम्ही मराठीचे."

"ब... हिला," मी म्हणालो.

"बहिरा! शाबास. तुमची जीभ आता बहिरी झालीय. तुम्ही काही सांगायला जाल, ती ऐकणार नाही."

मी त्या खुर्चीत, डोळ्यांतून पाणी येत असताना, मनापासून खूश झालो. संध्याकाळी खोलीवर बसून शब्दकोश वाचणारा मी माणूस. बधिर आणि बहिरा हे एकाच घरचे दोन भाऊ आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्यांची अशी भेट घालून द्यावी हे कधी सुचलं नव्हतं. मला त्यावर आणखी एक चांगलं उत्तर सुचलंही. पण तोवर डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला होता. आयुष्यभर माझं असंच होत आलं आहे. सुचतं तेव्हा तोंडात कापूस असतो.

"वर्गात मुलं किती?" पकड हातात घेत त्यांनी विचारलं.

मी बोटांनी दाखवलं. तीन, मग दोन.

"बत्तीस? म्हणजे अख्खी बत्तिशी! एखादा तरी किडका असणारच."

मला म्हादू नाईक आठवला. मी मान हलवली, आणि नेमकी त्याच वेळी त्यांनी पकड फिरवली.

दाढ निघाली. डॉक्टरांनी ती मला दाखवली, कौतुकानं, जणू मीच पेपरात काही चांगलं लिहिलं होतं. मग हात धुता धुता ते म्हणाले, "तुमच्या शाळेत एकजण माझ्यावर दात धरून आहेत. गंमत म्हणजे दात मीच दिलेले." आणि स्वतःच खो खो हसले. "नाव सांगणार नाही. डॉक्टरचं तोंड बंद पाहिजे आणि पेशंटचं उघडं. माझ्या बाबतीत उलटंच झालंय म्हणा. पण कधी लक्षात आलं तर त्यांना एवढं सांगा, सैल झाले असतील, एकदा येऊन जा."

डॉक्टरांचे बरेचसे विनोद मला कळायचे. हा कळला नाही. मी विचारलं, "धुफारी थफासनी आहे. भोलथा येईल?"

"दुपारी तपासणी? दोन-तीन तास तरी जीभ बहिरीच राहणार. कापूस दाबून धरा. आणि मास्तर, आज तास लेखीच घ्या."

माडीचा जिना उतरताना म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं ओ? येवढं गप?"

गप. हा शब्द माझ्या पाठी लहानपणापासून आहे.

वडिलांची हलकर्णीला पिठाची गिरण होती. गिरणीत बोलून उपयोग नसतो. तिथं बोटांनी सांगतात, किती पायली, बारीक की जाडं. मी त्यातच वाढलो आणि मला ते आवडायचं. पुढं बी.ए. झालो, बी.एड. झालो, आणि आजऱ्याच्या या हायस्कुलात मराठीचा शिक्षक म्हणून लागलो तेव्हा वडील म्हणाले होते, "बोलायचं काम हाय त्ये. जमलं न्हाई तर गिरण हाय हितं."

जमत नव्हतं. माझा आवाज तिसऱ्या बाकापुढं जात नसे. हलकर्णीकरचं मुलांनी हळूकर्णीकर केलं होतं. मला ते नाव ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण ते इतकं नेमकं होतं, की ज्यानं कुणी ते केलं त्याला व्याकरणात दोन गुण जास्त द्यावेत असंच वाटायचं.

मागच्या तपासणीला साहेबांनी शेरा दिला होता, शिक्षकांचा आवाज पोहोचत नाही. मुख्याध्यापक घुगरे सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला हाच शेरा आला तर मी तुम्हाला कायम करू शकणार नाही. नियम आहे." बोलताना त्यांची मूठ नेहमीसारखी ओठांवर होती.

घुगरे सर उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. बोलायचे तेही कमी आणि ओठांतल्या ओठांत, घोगऱ्या आवाजात, मूठ मिशांशी धरून. त्यांचं एकच वाक्य सबंध शाळेला पाठ होतं. कुठल्याही वर्गात खसखस पिकली की ते दारात उभे राहत आणि म्हणत, "दात काढू नका."

मी शाळेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक मुलगा सारखा मागं वळून बोलत होता. मी म्हणालो, "बाळ, तुझं तोंड तिकडं आणि पाठ इकडं. अशानं तोंडपाठ कसं होणार?" साधा विनोद होता, पण मुलं हसली. मी उंच डोंगरावर चढून आल्यासारखा उभा होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला. "दात काढू नका." घुगरे सर मुलांकडं नाही, माझ्याकडं बघत होते, असं मला वाटलं. त्यानंतर मी वर्गात विनोद केला नाही. सुचायचे खूप. ते मी गिळत गेलो.

तरी मला ही शाळा सोडायची नव्हती. ग्रंथालयाच्या दोन कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या. आणि ती मुलं मला आवडायची. त्यांना हे ठाऊक नव्हतं. सांगणार कसं?

दुपारची घंटा झाली. सातवीचा वर्ग. तपासणीसाठी निकम साहेब आले, फळ्याजवळ माझ्या टेबलाशेजारी त्यांना खुर्ची दिली होती. साहेब गोल चेहऱ्याचे, चष्मा सारखा पुसणारे. आमच्या त्या खोलीचं दार मागच्या बाजूला होतं, शेवटच्या बाकापाशी. तिथं घुगरे सर उभे राहिले, मूठ मिशांवर. त्यांच्या अगदी जवळ, शेवटच्या बाकावर, शेवंता पोवार. तिचा पुढचा दात तुटून अर्धा झाला होता. ती कधी तोंड उघडत नसे. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांना बरोबर ओळखून होतो.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

आज कुठला पाठ हे घुगरे सरांनी आधीच ठरवून दिलं होतं. वर्णांची उच्चारस्थानं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. माझ्याकडं कंठ होता. बाकीचं काही नव्हतं.

मी फळ्यावर शब्द लिहिले, जितका वेळ लावता येईल तितका लावून. मग वळलो.

"मुयांनो, आध आफन धंथ्य वर्न..."

वर्ग एकदम शांत झाला. ही शांतता मला माहीत होती. दूध उतू जायच्या आधी असते ती. पहिल्या बाकावर म्हादू नाईकनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि त्याच्या नाकातून फुस्सकन आवाज आला.

साहेबांनी चष्मा लावला आणि माझ्याकडं बघितलं. माझा गाल फुगलेला. ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी ओघळल्याची मला जाणीवही नव्हती. ते लाल होतं हे मला रुमाल लावल्यावर कळलं.

"सर," साहेब सावकाश म्हणाले, "तोंडात काय आहे तुमच्या?"

"खाफूस," मी म्हणालो.

"काय?"

"धाध खाधली, साहेफ."

"खाल्ली? काय खाल्ली?" त्यांचा चेहरा बदलला. "पान? वर्गात पान खाऊन येता तुम्ही? तपासणीच्या दिवशी?"

"न्हाई, न्हाई. धाध!" मी गालाकडं बोट दाखवलं. "धाध! खाधली!"

"खाल्ली ते दिसतंच आहे!"

वर्ग फुटला. बत्तीसच्या बत्तीस. मागचे पुढच्यांच्या अंगावर पडले. मी इतक्या दिवसांत गिळलेले सगळे विनोद त्यांनी एकदम ऐकल्यासारखे ते हसत होते, आणि मी त्यातला एकही केला नव्हता. मला गिरण आठवली. पट्ट्याचा आवाज, पिठाचा वास, आणि कुणीही काही बोलायला न सांगणारी ती जागा. उद्याची सकाळची एसटी मला स्पष्ट दिसली.

"दात काढू नका!" दारातून आवाज आला.

म्हादू उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी, तोंडावर इतका साधेपणा, की मला आजही कळत नाही तो खोडी काढत होता की माझी बाजू घेत होता.

"सर, आम्ही न्हाई काढला," तो म्हणाला. "सरांनी काढलाय. शिंप्याच्या माडीवर. मी बघितलंय."

आता साहेबही हसायला लागले. त्यांना सगळं एका क्षणात उमगलं. चष्मा काढून ते डोळे पुसू लागले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "म्हणजे दात... अहो, म्हणजे दाढ काढली! अरे देवा!"

घुगरे सर संतापले. आपल्या शाळेत, साहेबांच्या देखत, साहेबांसकट सगळा वर्ग हसतो आहे हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी मूठ खाली घेतली. मी त्यांना पहिल्यांदाच पूर्ण तोंड उघडताना पाहिलं.

"दात काढू न..."

'का' आलाच नाही. त्याऐवजी दगडी फरशीवर खट्ट असा आवाज झाला.

साहेबांचा चष्मा हातात होता आणि मी एकटाच दाराकडं तोंड करून उभा होतो, म्हणून मी एकट्यानंच पाहिलं. सरांच्या पायाशी गुलाबी-पांढरं काहीतरी पडलं होतं. सरांचे गाल एकदम आत गेले, मिशा खाली आल्या, आणि त्या ताठ माणसाच्या जागी कुणी एक म्हातारा उभा राहिला, दोन्ही हात तोंडावर घेतलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला लिहिता येईलसं वाटत नाही. घरातून कधीच बाहेर न पडणाऱ्या माणसाला कुणीतरी अंगणात ओढून आणावं तसं काहीतरी.

माझ्यावर दात धरून आहेत. दात मीच दिलेले.

डॉक्टरांचा विनोद मला तेव्हा कळला, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मूठ मिशांवर का असते ते कळलं. दात काढू नका हे कुणाला उद्देशून होतं तेही.

हसणं थांबत आलं होतं. सरांचं वाक्य अर्धवट तुटलं हे मुलांच्या कानांनी टिपलं होतं. म्हादूची मान मागं वळू लागली. मग दुसरी. तिसरी.

"इकले बघा!"

हा आवाज कुणाचा, असं मलाच वाटलं. भिंतीवरचा नकाशा हलल्याचं मुलं नंतर सांगत. तेवढं झालं नसावं. पण सगळ्या माना परत माझ्याकडं वळल्या, साहेबांचीसुद्धा.

आता पुढं काय, ते मला ठाऊक नव्हतं. मी तोंडातला कापूस काढला, मान मागं टाकली आणि बोट घालून माझा गाल ताणला. "आऽऽ!"

यापुढं मी जे बोललो ते इथं शुद्ध लिहितो आहे. त्या दिवशी ते शुद्ध नव्हतं. आणि खरं सांगायचं तर यातलं थोडंफार मी गेल्या काही वर्षांत सुधारलंही असेल. तेवढं सोडून द्यावं.

"नीट बघा! मागच्यांनी उभं राहून बघा! आमच्याही वर्गाचा पट बत्तीसचा होता. आज एकाचं नाव पटावरून कमी झालं. डॉक्टरांनी त्याला शाळा सोडल्याचा दाखला दिला."

मुलं थबकली. मग एकजण खुदकन हसला.

"कोण होता ओ सर?" म्हादूनं विचारलं.

"अक्कलदाढ."

"मग आता अक्कल?"

"गेली. म्हणून तर आता तुम्हाला विचारायची वेळ आली. तिथं काय राहिलंय, सांग."

"भोक!"

"परीक्षेतल्या भाषेत सांग."

"रिकामी जागा!" चार-पाचजण ओरडले.

"मग प्रश्न पहिला. रिकाम्या जागा भरा!"

"आणि जोड्या लावा?" हे साहेब म्हणाले. ते खुर्चीत पुढं सरकून बसले होते.

"साहेब, वरच्या दाताची खालच्याशी जोडी लावणं डॉक्टरांकडं असतं. आमच्याकडं व्याकरण." मी मान अजून खाली केली नव्हती. छताकडं बघूनच बोलत होतो. माना मागं वळू नयेत एवढंच माझं काम होतं, आणि मान खाली केली तर सर अजून तिथंच असतील याची मला भीती वाटत होती. "माझी अर्धी जीभ बधिर आहे. बधिर म्हणजे?"

"बहिरी!" ही मुलं इतकी हुशार होती हे मला वर्षभरात कळलं नव्हतं.

"बहिरी. म्हणून ती माझं ऐकत नाही. तुमची ऐकते ना? मग माझ्या जिभेचं काम आज तुम्ही करायचं. म्हणा, त!"

"त!"

"जीभ कुठं टेकली?"

"दातांना!"

"थ! द! ध! न!"

वर्ग गर्जत होता. प्रत्येक वर्णाला मुलं आपापल्या जिभेचा ठाव घेत होती, बोटं तोंडात घालून बघत होती, शेजाऱ्याच्या तोंडात डोकावत होती. "ट म्हणा." "सर, जीभ वर वळली!" "तिथं कोण राहतो?" "मूर्धन्य!" "आणि माझ्याकडून आज कुठले वर्ण गेले?" "दंत्य!" "का गेले?" "दात काढला म्हणून!"

शेवटी मी मान खाली आणली. दारात कुणी नव्हतं. फरशी मोकळी होती. शेवंता आपल्या जागी बसून बाकीच्यांबरोबर "प, फ, ब" म्हणत होती, ओठांवर ओठ आपटत. दातांचे वर्ण झाले होते, ओठांचे चालू होते.

घंटा झाली तेव्हा साहेब उठले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मागच्या वेळी मी काय शेरा दिला होता, आठवतं?"

मी मान हलवली.

"आज मला भीती वाटली, आवाज पंचायतीपर्यंत जातो की काय." आणि पुन्हा चष्मा पुसत निघून गेले.

पण साहेब काय म्हणाले यानं माझं काही ठरणार नव्हतं. कायम करण्याचं पत्र घुगरे सरांच्या सहीनं निघणार होतं, आणि मी त्यांना जसं पाहिलं होतं तसं पाहिलेला माणूस कुणालाही आपल्या शाळेत रोज समोर नको असतो. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही नको असता.

शाळा सुटल्यावर शिपाई बोलवायला आला.

सर टेबलामागं ताठ बसले होते. मिशा जागेवर होत्या. मूठ मिशांवर होती. बाहेर मुलं घरी जाता जाता "त! थ! द! ध!" ओरडत होती.

"हलकर्णीकर," ते म्हणाले, "आज वर्गात तुम्ही काय पाहिलंत?"

"काही नाही, सर." माझी जीभ आता ऐकू लागली होती, पण आवाज पुन्हा पहिलाच.

"ऐकू आलं नाही."

"काही नाही, सर."

"मोठ्यांदा सांगा."

"काही नाही, सर!"

शिपायानं दारातून आत डोकावून बघितलं. सरांनी त्याला हातानं परतवलं. त्यासाठी मूठ मिशांवरून निघाली आणि क्षणभर परत गेली नाही.

"आवाज पोहोचतो," ते म्हणाले. "तसं लिहितो मी. या आता."

मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. पुढचं बोलायला मला सगळ्या वर्गापुढं ओरडण्यापेक्षा जास्त धीर लागला.

"सर, डॉ. दाते म्हणत होते, मुलांचे दात तपासायला शाळेत येऊ का. पुढच्या बाजाराच्या दिवशी." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. "सुरुवात ऑफिसातनं करतील. दार लावून."

सर टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. "बोलवा," ते म्हणाले.

डॉ. दाते आले. ऑफिसात बराच वेळ दार बंद होतं, आणि आतून फक्त डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी सगळ्या शाळेची तोंडी परीक्षा घेतली.

त्यानंतरही सर दारात उभे राहून तेच वाक्य म्हणत. पण माझ्या वर्गाशी आले की जरा उशिरा म्हणत, मुलांचं हसून झाल्यावर. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेनं निरोप समारंभ केला. पुष्कळ भाषणं झाली. सर उत्तर द्यायला उठले, समोर बसलेल्या सगळ्या शाळेकडं बघितलं, आणि म्हणाले, "मुलांनो, आजपासून दात काढायला हरकत नाही." आणि हसले. पूर्ण, वरचे खालचे सगळे दात दाखवून. मुलांना काय करावं कळेना. मग जी हसली ती थांबेचनात.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. मला त्या दिवसाबद्दल कधी बोलता आलं नव्हतं. मनात मी त्याचा थोडा अभिमान बाळगून होतो. आयुष्यात एकदा तरी मी वेळेवर तोंड उघडलं होतं. मी काही म्हणायच्या आतच सर म्हणाले,

"त्या दिवशी तुम्ही छताकडं बघत होता, हलकर्णीकर."

"हो, सर."

"मला वाकता येत नव्हतं. तोंडावरचे हात काढून वाकायचं कसं? तुम्ही माना तिकडं वळवून ठेवल्या होत्या, पण त्या किती वेळ राहणार? मी नुसता उभा होतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "तेव्हा ती पोवारांची पोर बाकावरून उतरली. फळा पुसायची पाळी तिची होती, फडकं तिच्या हातात होतं. ते तिनं त्यावर टाकलं, फडक्यासकट उचललं, आणि माझ्या हातात देऊन म्हणाली..."

ते थांबले. मूठ मिशांकडं गेली, पण दात झाकायला नाही.

"म्हणाली, सर, तुमचा खडू पडलाय."

मी वर्षभर तिच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो मी नेमका तेव्हा ऐकला नव्हता, कारण मीच ओरडत होतो.

आता माझेही सगळे दात गेले. डॉ. दाते नाहीत, त्यांच्या मुलानं कवळी करून दिली. चांगली आहे, फक्त वरची जरा सैल आहे आणि मला तिकडं जायचा कंटाळा आहे. परवा नातसुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदाच जेवायला आली होती. भाकरीच्या दुसऱ्या घासाला ती सुटली आणि ताटाच्या कडेवर आपटून खाली पडली. खट्ट. सगळे थांबले. मी ओठ मिटून खाली बघत राहिलो.

सिंधू, माझी बायको, जिला मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे, आमटी वाढत होती. तिनं हातातलं भांडं ठेवलं, पदराचं टोक खाली सोडलं आणि वाकून उचललं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा खडू पडला."

पाहुण्यांपैकी एकजण लगेच म्हणाला, "जुने मास्तर! खिशात खडू असणारच." आणि सगळे जेवायला लागले.

मी मान वर केली नाही. ओठ घट्ट मिटून हसत होतो.